हॉट व्हील्सचे रिकामे हुक पुन्हा कसे भरतील? : संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: दुकानात माल येत नाही, आणि आला तरी हवा तो येत नाही. पुढील उत्तरे हॉट व्हील्सच्या साध्या, एकेका पाकिटात मिळणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. १९६८ साली अवघ्या सोळा गाड्यांनी सुरू झालेली ही मालिका आज मॉलमधल्या मोठ्या दालनापासून तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानापर्यंत दिसते, आणि महाराष्ट्रात व गोव्यात नव्याने संग्रह करू लागलेला माणूस बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतो. दुकानदाराला माल मागवावासा वाटेल अशी परिस्थिती निर्माण करणे बऱ्याच अंशी संग्राहकांच्या हातात असते, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी आधी दुकानदाराचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

दुकानात गाड्या लटकलेल्या दिसतात, मग नवा माल का येत नाही?

नेमक्या त्या लटकलेल्या गाड्यांमुळेच येत नाही. दुकानदार एकेक गाडी निवडून मागवत नाही. कंपनीकडून गाड्या मिश्र खोक्यांत येतात. अमेरिकेच्या बाजारासाठीच्या एका मोठ्या खोक्यात ७२ गाड्या असतात आणि वर्षभरातल्या खोक्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली असतात. एका अक्षराच्या खोक्यातल्या सगळ्याच गाड्या नव्या नसतात. आधीच्या खोक्यातल्या काही गाड्या पुढच्या खोक्यातही येत राहतात. संग्राहक प्रत्येक वेळी निसान स्कायलाइन, पोर्शे, होंडा सिव्हिक अशा खऱ्या गाड्यांच्या प्रतिकृती उचलतात आणि प्राण्याच्या किंवा खाद्यपदार्थाच्या आकाराच्या, पूर्णपणे कल्पनेतल्या गाड्या मागे ठेवतात. अशी दोनतीन खोकी गेली की सगळे हुक त्या मागे राहिलेल्या गाड्यांनीच भरून जातात.

दुकानाच्या संगणकाला हा फरक कळत नाही. अमेरिकेत तर मुख्य मालिकेच्या, म्हणजे याच साध्या एकेरी गाड्यांच्या, वेगवेगळ्या नमुन्यांवर वर्षानुवर्षे एकच बारकोड येत राहिला. आपल्याकडेही अनेक दुकानांच्या नोंदीत ‘हॉट व्हील्स, सिंगल’ एवढाच एक प्रकार असतो, त्याच्यापुढे शिल्लक नगांचा आकडा असतो आणि तो आकडा ठरलेल्या किमान पातळीच्या खाली गेल्याशिवाय नवी मागणी तयार होत नाही. आपल्याला नको असलेल्या चाळीस गाड्या हुकावर असतील, तर नोंदीच्या दृष्टीने त्या दुकानात भरपूर माल आहे.

म्हणून पहिली मदत करायची ती हा उरलेला माल हलवण्यासाठी. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून देण्यासाठी पालक याच किमतीच्या आसपासची वस्तू शोधत असतात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्कायलाइनपेक्षा डायनासोरच्या तोंडाची गाडी पुष्कळदा अधिक आवडते. हे दुकानदाराच्या लक्षात आणून द्यावे, उरलेल्या गाड्या बिलाच्या काउंटरजवळ लावण्याची सूचना करावी, तीन किंवा पाच एकत्र घेतल्यास थोडी सूट ठेवता येईल का ते विचारावे. आपल्या घरात, सोसायटीत किंवा कार्यालयात कोणाच्या मुलाचा वाढदिवस असेल, तर त्या पालकांना त्या दुकानात पाठवावे. नवा माल मागण्यासाठी दहा वेळा खेटे घालण्यापेक्षा असा एक वाढदिवस अधिक उपयोगी पडतो.

हुक पूर्ण रिकामे आहेत, तरी कर्मचारी म्हणतात, ‘सिस्टीममध्ये माल दाखवतोय.’ असे कसे?

याला नोंदीतला खोटा साठा म्हणता येईल. गाडी चोरीला गेली, पाकीट फाटल्यामुळे बाजूला ठेवली गेली, एखाद्या ग्राहकाने ती उचलून क्रिकेटच्या बॅटींच्या मागे ठेवली, किंवा बिल करताना वेगवेगळ्या किमतींच्या गाड्या एकाच कोडखाली मोजल्या गेल्या, की संगणकातला आकडा आणि प्रत्यक्षातला माल यांचा मेळ बसत नाही. संगणकाला अठरा गाड्या दिसत राहतात, त्यामुळे मागणी जात नाही. मागणी जात नाही म्हणून माल येत नाही. आणि माल येत नसल्याने विक्रीही दिसत नाही. पुढे वार्षिक साठामोजणी होईपर्यंत महिनोन् महिने तो हुक रिकामा राहू शकतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो योग्य माणसाकडे मागावा लागतो. बिल करणाऱ्या मुलाला हे अधिकार नसतात. खेळणी विभागाच्या प्रमुखाला किंवा दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटून, ‘या प्रकाराची एकदा प्रत्यक्ष मोजणी करून नोंद दुरुस्त कराल का?’ एवढीच विनंती करावी. जुन्या गाडीचे पाकीट किंवा बिल जवळ असेल तर तो बारकोड त्यांना दाखवावा, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही. नोंद शून्यावर आली की पुढचे काम पुष्कळदा आपोआप होते.

लहान दुकानदाराकडे तर संगणकच नाही. तो माल कशावर ठरवतो?

अनुभवावर, आणि हातात असलेल्या पैशावर. पुण्याच्या तुळशीबागेतला, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या आसपासचा, किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणचा खेळणीवाला वितरकाकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो. वितरकाचा सेल्समन ठरलेल्या वारी येतो, वहीत ऑर्डर लिहून घेतो आणि माल पुढच्या फेरीत पोहोचतो. नफ्याचे प्रमाण बेताचे असते आणि न खपलेला माल परत घेतला जाईलच याची खात्री नसते. अशा दुकानदाराच्या दृष्टीने हॉट व्हील्सचे एक खोके म्हणजे अडकलेली रक्कम असते. त्याच पैशात दिवाळीपूर्वी किल्ल्यावरचे मावळे किंवा मे महिन्यात बॅट-बॉल आणि पत्त्यांचे कॅट भरले, तर ते नक्की खपतात.

त्यामुळे ‘शेठ, फक्त चांगल्या गाड्या मागवा’ या वाक्याचा त्याला उपयोग नसतो. मिश्र खोक्यातून फक्त चांगल्या गाड्या मागवण्याची सोय त्याच्याकडे नाही आणि असल्या मागणीतून त्याला एवढेच कळते, की हा ग्राहक दहा गाड्या उचलेल आणि उरलेल्या आपल्या गळ्यात राहतील. त्याऐवजी सेल्समन कोणत्या वारी येतो ते विचारून घ्यावे आणि त्याच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन आपण किती जण आहोत, साधारण किती गाड्या घेऊ, कोणत्या तारखेपर्यंत घेऊ, हे स्पष्ट सांगावे. शब्द दिला तर तो पाळावा. लहान दुकानात एका संग्राहकाने मोडलेला शब्द पुढच्या सगळ्या संग्राहकांना महागात पडतो.

बोलायला जावे केव्हा आणि कसे?

गर्दीच्या वेळी मुळीच जाऊ नये. शनिवार-रविवारची संध्याकाळ, दिवाळीआधीचे दोन आठवडे, नाताळचा आठवडा आणि शाळा सुरू होण्याआधीचे जूनचे दिवस टाळावेत. कामाच्या दिवशी दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास किंवा दुपारची वेळ बरी. बोलण्यात ‘काका’, ‘दादा’, ‘ताई’ ही आपुलकी असावी, पण मागणी नेमकी असावी. कर्मचाऱ्याच्या मागे मागे फिरून दररोज तोच प्रश्न विचारल्याने तो कंटाळतो आणि मग खरोखर माल आल्यावरही ‘नाही आला’ असे सांगून मोकळा होतो. यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही.

मोठ्या साखळी दुकानात लेखी विनंती अधिक परिणामकारक ठरते, कारण ती वरिष्ठ कार्यालयाकडे पुढे पाठवता येते. पुढील मजकूर कोणीही आपल्या गरजेनुसार बदलून वापरावा:

‘मा. व्यवस्थापक महोदय, आपल्या शाखेच्या खेळणी विभागात हॉट व्हील्सच्या एकेरी गाड्या गेल्या काही आठवड्यांपासून उपलब्ध नाहीत. आम्ही परिसरातील सात ग्राहक या गाड्या नियमितपणे खरेदी करतो. कृपया नोंदीतील शिल्लक साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी करावी आणि नवीन साठा मागवणे शक्य असल्यास अंदाजे दिनांक कळवावा, ही विनंती. एका ग्राहकास ठरावीक नगांची मर्यादा ठेवल्यास आमची हरकत नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये. ही मंडळी साठेबाजी करणारी नाहीत, हे व्यवस्थापकाला त्यावरून कळते.

दुकानदाराची इच्छा असूनही वरूनच माल कमी येतो, हे खरे आहे का?

पुष्कळदा खरे असते, आणि त्याची कारणे सरकारी नियमांत सापडतात. हॉट व्हील्सच्या गाड्या प्रामुख्याने मलेशिया आणि थायलंडमधल्या कारखान्यांत तयार होऊन आपल्याकडे येतात. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. त्याच काळात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह त्यामुळे बंधनकारक झाले. हे चिन्ह लावण्याचा परवाना आयातदाराला नव्हे, तर परदेशातल्या त्या विशिष्ट कारखान्याला घ्यावा लागतो आणि त्यासाठी कारखान्याची तपासणी होते. ज्या काळात हा आदेश लागू झाला त्या काळात महासाथीमुळे परदेशप्रवासच अवघड झाला होता, हे लक्षात घेतले तर अडचण समजते.

मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूच्या रंगात शिसे किती आहे हे तपासले गेलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही त्याचा एक परिणाम संग्राहकाने जाणून असावा. विनापरवाना आयात केलेला माल दुकानात ठेवणे हा दुकानदारासाठी धोका आहे, म्हणून ‘कुठूनही आणून द्या’ असा आग्रह त्याला करू नये.

याच ठिकाणी एक गोष्ट आठवते. कुर्टी-खांडेपार किंवा वेर्ण्याकडे जाताना गोव्याचे उद्योग आपल्याला दिसतात, पण जुन्या गोव्याजवळच्या कोर्लिमचे नाव खेळण्यांच्या जगात कितीतरी दूरवर पोहोचले आहे, याची आपल्याला कल्पना नसते. फनस्कूल ही कंपनी १९८७ पासून खेळणी बनवते आणि तिचा कारखाना तिथे आहे. तिने भारतात काढलेले ‘जी. आय. जो.’ या अमेरिकी खेळण्यांच्या मालिकेतले सैनिक आज परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात. आपल्या दुकानांतून एके काळी सहज मिळणारा माल पुढे दुर्मिळ होतो तो असा.

दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो. काय करावे?

देऊ नयेत. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक दराने विक्री करता येत नाही. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचे नाव व पत्ता, महिना आणि वर्ष, किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क हे सर्व असावे लागते. ते नसेल तर तो माल कोणत्या मार्गाने आला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आधी बिल मागावे. बिल मागितल्यावर बहुतेक ठिकाणी किंमत आपोआप छापील किमतीवर येते. तसे झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा राज्याच्या वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

‘ही गाडी हवी असेल तर तो रिमोटचा ट्रकही घ्या’ अशी अटही काही ठिकाणी घातली जाते. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेणे भाग पाडणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येप्रमाणे निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. किंमत वाढावी म्हणून माल दडवून ठेवणे किंवा विकण्यास नकार देणे हेही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. दुकानदाराशी भांडण करण्यासाठी हे सांगत नाही. त्याला हे शांतपणे माहीत करून दिले तरी पुरते, आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षे व्यवहार करायचा आहे त्याच्याशी बोलण्याची हीच रीत योग्य आहे.

माल आल्याबरोबर एकच माणूस सगळा उचलून नेतो आणि दुप्पट किमतीला विकतो. यावर उपाय आहे का?

हा या छंदाला लागलेला सर्वांत मोठा रोग आहे, आणि दुकानदाराला त्यात सुरुवातीला फायदाच दिसतो, कारण त्याचे खोके एका दिवसात रिकामे होते. पण तो माणूस खोके रिकामे करत नाही. तो निवडक गाड्या घेतो आणि न खपणाऱ्या मागे ठेवतो. पुढच्या महिन्यात येणाऱ्या इतर ग्राहकांना हुकावर फक्त उरलेला माल दिसतो, ते येणे बंद करतात आणि दुकानदार पूर्णपणे त्या एका खरेदीदारावर अवलंबून राहतो. हे गणित दुकानदाराला समजावून सांगितले, तर तो एका ग्राहकाला तीन किंवा पाच नगांची मर्यादा ठेवण्यास बहुधा तयार होतो. ठरलेल्या वेळी, सर्वांसमोर माल लावण्याची पद्धत काही दुकानांनी स्वीकारली आहे, तीही चांगली.

आपणही तीच शिस्त पाळावी. एकाच गाडीचे सहा नग घेणाऱ्याने साठेबाजाबद्दल तक्रार करणे मला पटत नाही. शक्य असेल तिथे खालच्या हुकांवर चांगल्या गाड्या राहू द्याव्यात. लहान मुलाचा हात तिथपर्यंतच पोहोचतो, आणि ही वस्तू मुळात त्याच्यासाठी बनवलेली आहे.

गोदामातले न उघडलेले खोके दाखवा, असे म्हणावे का?

म्हणू नये. आवक नोंदली गेल्याशिवाय माल विकता येत नाही, आणि ग्राहकाला गोदामात नेणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी जाऊ शकते. चहापाण्याचे पैसे देऊन आधी माल मिळवणे हे तर उघडच गैर आहे, आणि त्यामुळे बाकीच्यांसाठी दार कायमचे बंद होते.

हुकावरचा माल नवा आहे की जुनाच पुन्हा लावला आहे, हे कसे ओळखावे?

पाकिटावरच्या स्टिकरवरील महिना आणि वर्ष पाहावे. शिवाय गाडीच्या तळावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असा छोटा कोड उमटवलेला असतो; अक्षरावरून उत्पादनाचे वर्ष आणि आकड्यांवरून आठवडा कळतो. पाकिटावर ‘१२०/२५०’ अशा धर्तीचा क्रमांकही असतो, त्यातला दुसरा आकडा त्या वर्षीच्या मालिकेतील एकूण गाड्यांचा. नव्या वर्षाच्या मालिकेची पहिली खोकी अमेरिकेत आधीच्या वर्षाच्या शरद ऋतूतच दिसू लागतात, त्यामुळे पाकिटावरच्या मालिकेच्या वर्षावरून माल ताजा आहे असा निष्कर्ष काढू नये.

ट्रेझर हंट मागवून मिळते का?

नाही. ट्रेझर हंट म्हणजे मुद्दाम कमी संख्येने काढलेल्या खास गाड्या. १९९५ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा बारा गाड्या होत्या आणि प्रत्येकीचे दहा हजार नग काढले होते. आजही त्या मिश्र खोक्यांत विखुरलेल्या असतात, आणि कोणत्या खोक्यात कोणती निघेल हे दुकानदाराला ठाऊक नसते. रबरी टायर आणि चकाकत्या रंगाची सुपर ट्रेझर हंट तर त्याहून विरळ. ती ‘काढून ठेवा’ असे सांगणे म्हणजे कर्मचाऱ्याला प्रत्येक खोके चाळायला लावणे होय. मिळाली तर आनंद मानावा, मागणी मात्र सर्वसाधारण मालाचीच करावी.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर ‘संपले’ असे दिसते. तिथे विनंती कुठे करायची?

तिथे बोलायला माणूस नसतो. त्या त्या परिसराच्या छोट्या गोदामातला साठा तुम्हाला दिसतो, म्हणून शेजारच्या उपनगराचा पत्ता घातल्यास वेगळे चित्र दिसू शकते. ‘उपलब्ध झाल्यावर कळवा’ ही सोय असेल तर ती नक्की वापरावी, कारण मागणीची तेवढीच नोंद त्यांच्याकडे होते. कोणती गाडी येईल हे मात्र निवडता येत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात हॉट व्हील्स ठेवणारे एकही दुकान नाही. सुरुवात कशी करावी?

खेळण्यांचे स्वतंत्र दुकान शोधत बसू नये. शाळेजवळचे स्टेशनरी आणि भेटवस्तूंचे दुकान यासाठी उत्तम, कारण मुले तिथे रोज येतात. गावातले चार-पाच संग्राहक आणि उत्सुक पालक एकत्र करून दुकानदाराकडे जावे आणि पहिल्या लॉटपुरती हमी द्यावी: ठरलेल्या मुदतीत जे नग खपणार नाहीत, ते आम्ही छापील किमतीला वाटून घेऊ. आगाऊ रक्कम द्यायची असेल तर थोडीच द्यावी आणि तिची पावती घ्यावी. माल अधिकृत वितरकाकडूनच घेण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी पाकिटावरच्या ग्राहक सेवा संपर्कावर आपल्या जिल्ह्याचा वितरक कोण, हे विचारता येते. जत्रेत आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नकली गाड्यांची पाकिटे सारखी दिसतात, पण त्यांवर आयातदाराचा पत्ता आणि आयएसआय चिन्ह नसते, हे दुकानदारालाही दाखवून द्यावे.

पहिला लॉट बेताचाच असावा आणि तो शक्यतो शाळा सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यांत किंवा दिवाळीच्या महिनाभर आधी मागवावा. संग्राहकांनी पहिल्या दिवशी प्रत्येकी दोन-तीन गाड्याच घ्याव्यात आणि उरलेल्या काही दिवस हुकावर राहू द्याव्यात. शाळा सुटल्यावर मुले त्यांच्यापुढे थांबू लागली आणि पालक विकत घेऊ लागले, म्हणजे दुसऱ्या लॉटची ऑर्डर दुकानदार कोणाच्या हमीशिवाय स्वतःच देतो.